पाण्यातल्या वनस्पतींची कार्बनची भूक

प्रकाशसंश्लेषणाच्या धड्यात हायड्रिलाचा प्रयोग असतो. चंचुपात्रात पाणी, त्यात हायड्रिलाच्या फांद्या, त्यांवर उपडे नरसाळे आणि नरसाळ्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी. उन्हात ठेवले की बुडबुडे येऊ लागतात. त्या पाण्यात आपण चिमूटभर खाण्याचा सोडा टाकतो. तो कशासाठी, असे किती विद्यार्थी विचारतात? या प्रश्नाचे उत्तर नीट समजले, तर फिशटँकमधल्या वनस्पती का खुरटतात आणि त्यांना कार्बन डायऑक्साइड कसा पुरवायचा, हेही समजते.

हवेत आज दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ४२० रेणू असतात. अशा हवेच्या संपर्कात असलेल्या एक लिटर पाण्यात २५ अंश सेल्सिअसला जेमतेम ०.६ मिलिग्रॅम वायू विरघळलेला राहतो. शिवाय पाण्यात हा वायू हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. पानालगतच्या पाण्यातला वायू संपला की नवा येईपर्यंत पान उपाशीच! आपण मात्र झाडे वाढत नाहीत म्हणून आणखी मोठा दिवा लावतो. प्रकाश वाढतो, कार्बन वाढत नाही. न वापरलेल्या प्रकाशाचा आणि खताचा फायदा मग शेवाळे घेते.

आता आपल्या पाण्याकडे वळू. अहिल्यानगर जिल्ह्यातील घोडेगावचे उदाहरण घेऊ. नेवासा तालुक्यातले हे गाव दख्खनच्या काळ्या बसाल्ट खडकावर वसले आहे. पावसाचे पाणी मातीतून मुरताना मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड सोबत घेते. या सौम्य कार्बनी आम्लाने खडकातील खनिजे हळूहळू विरघळतात आणि पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम व बायकार्बोनेट येतात. अशा भागातील विहिरींचे पाणी म्हणूनच बहुधा दुष्फेन असते. म्हणजे पाण्यात कार्बन भरपूर आहे, पण तो बायकार्बोनेटच्या कुलपात बंद आहे.

हायड्रिला आणि वॅलिस्नेरिया यांच्याकडे या कुलपाची किल्ली आहे. त्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन मिळवतात. सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. प्रयोगात तो टाकायचा तो याचसाठी. दुष्फेन पाण्यातल्या हायड्रिलाचे पान बोटांत चोळून पाहा. कधीकधी ते खरखरीत लागते. बायकार्बोनेट वापरल्यावर पानावर जमलेला तो चुना असतो. जगदीशचंद्र बसूंनी प्रकाशसंश्लेषणावरचे आपले प्रयोग याच हायड्रिलावर केले आणि १९२४ मध्ये त्यांवर ग्रंथ लिहिला.

पण पाण्यातील मॉस आणि ओढ्याकाठी अर्ध्या पाण्यात, अर्ध्या हवेत वाढणाऱ्या बऱ्याच वनस्पतींकडे ही किल्ली नसते. त्यांना विरघळलेला वायूच लागतो. त्यांच्यासाठी टँकमध्ये सोडा टाकून उपयोग नाही. उलट पाण्यातले क्षार आणि पीएच मात्र वाढेल.

वायू तयार करण्याची सोपी कृती अशी. शीतपेयाची दोन लिटरची रिकामी प्लॅस्टिकची बाटली घ्या. तीत २०० ग्रॅम साखर, दीड लिटर कोमट पाणी आणि पाव चमचा कोरडे यीस्ट घाला. फेसासाठी वरचा भाग मोकळा ठेवा. बुचाला भोक पाडून नळी हवाबंद बसवा. ही नळी पाणी भरलेल्या दुसऱ्या छोट्या बाटलीत बुडवा आणि त्या बाटलीच्या वरच्या मोकळ्या भागातून दुसरी नळी टँकमध्ये न्या. मधल्या बाटलीत फेस अडकतो आणि बुडबुडेही मोजता येतात. टँकमध्ये नळीचे तोंड एका उपड्या पारदर्शक पेल्याखाली सोडा. पेल्यात साठलेला वायू सावकाश पाण्यात विरघळतो.

ही क्रिया आपल्या भागाला नवी नाही. साखर कारखान्याच्या मळीपासून अल्कोहोल बनवताना यीस्ट हेच काम करते. तिथे अल्कोहोल हवे असते, आपल्याला वायू हवा आहे.

तीन गोष्टी मात्र काटेकोरपणे पाळा. बाटली काचेची नको आणि नळीला चिमटा लावून वायू कधीही अडवू नका. दाब वाढून बाटली फुटू शकते. रात्री बाटली थंड झाली की टँकचे पाणी नळीतून मागे खेचले जाते, म्हणून नळीत एकाच दिशेने वायू जाऊ देणारी झडप बसवा. तिसरी गोष्ट माशांची. यीस्ट रात्री थांबत नाही, प्रकाशसंश्लेषण मात्र थांबते. अंधारात मासे आणि वनस्पती दोघेही ऑक्सिजन घेतात व कार्बन डायऑक्साइड सोडतात. वायू फार साठला तर माशांच्या रक्ताची ऑक्सिजन धरण्याची क्षमता घटते. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकताना दिसले तर ही धोक्याची खूण समजा. रात्रभर हवेचा पंप चालू ठेवा.

पोलादी सिलिंडर वापरला तर रात्री पुरवठा बंद करता येतो. पण त्यात ३० अंशांना सुमारे ७० वातावरणांइतका दाब असतो आणि ३१ अंशांच्या वर हा वायू कितीही दाबला तरी द्रवरूप राहत नाही. आपल्याकडचा मे महिना आठवा. सिलिंडर तपासणी झालेलाच घ्या, प्रमाणाबाहेर भरू नका, सावलीत ठेवा.

वायू किती झाला हे कसे ओळखावे? पीएच कागदाने फसगत होते, कारण पीएच बायकार्बोनेटवरही अवलंबून असतो. बायकार्बोनेट तेवढेच राहिले तर पीएच एका अंकाने उतरणे म्हणजे वायू दहापट होणे. म्हणून बायकार्बोनेट आपणच ठरवून घ्यायचे. एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात ०.१२ ग्रॅम सोडा विरघळवा. त्यातले थोडे द्रावण मत्स्यसाहित्याच्या दुकानात मिळणाऱ्या छोट्या काचेच्या फुग्यात घेऊन ब्रोमोथायमॉल ब्लूचे दोन थेंब टाका. हा फुगा टँकमध्ये असा बसवा, की द्रावण आणि टँकचे पाणी यांच्यामध्ये हवेची पोकळी राहील. त्या पोकळीतून फक्त वायू ये-जा करतो. द्रावण निळे असेल तर वायू कमी, हिरवे असेल तर लिटरला सुमारे ३० मिलिग्रॅम, पिवळे झाले तर माशांना धोका. रंग बदलायला एक-दोन तास लागतात, त्यामुळे वायू थोडाथोडाच वाढवा.

वर्गासाठी एक हिशेब. २०० ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर सुमारे १०३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सुटतो. बाटलीचे वजन रोज एकाच वेळी करून आलेख काढा. वजनात येणारी घट म्हणजे बहुतांशी निघून गेलेला वायू. घट कोणत्या दिवशी सर्वांत जास्त होती? ती १०३ ग्रॅमपर्यंत पोचली का? नसेल, तर साखर शिल्लक राहिली की अल्कोहोल वाढून यीस्टच थंडावले? आणि पेल्याच्या कडेखालून निसटून हवेत गेलेल्या बुडबुड्यांचा हिशेब कसा मांडाल? विद्यार्थ्यांना आधी अंदाज लिहायला सांगा, मगच तराजू काढा.