टिचकी मारा, होडी पारखा!

उन्हाळ्यात माठ घ्यायला तुम्ही आजीबरोबर बाजारात गेला असालच. आजी माठाच्या रंगाला भुलत नाही. ती तो उचलते, बोटाने टिचकी मारते आणि कान देते. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर खाली ठेवायचा! अमेरिकेत फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर जुनी होडी घेणारे लोकही हेच करतात. फक्त त्यांच्या हातात प्लास्टिकची छोटी हातोडी असते.

गळ टाकून मासे धरणे हा तिकडचा मोठा छंद आहे. नवी मोटारहोडी फार महाग, म्हणून बेताचे पैसे असणारे वीस-तीस वर्षांची जुनी होडी शोधतात. पण वरून रंग मारून चकचकीत केलेली होडी आतून कशी आहे, हे ओळखायचे कसे? चूक झाली तर नुसते पैसेच बुडतात असे नाही.

बहुतेक होड्यांचे अंग काचतंतू आणि राळ यांचे असते. त्यालाच आपण फायबर म्हणतो. आपल्या कोकणातही आता फायबरच्या होड्या दिसतात. हे फायबर कुजत नाही. मग जुन्या होडीत कुजते काय? होडीच्या मागच्या उभ्या फळीवर इंजिन टांगलेले असते. मोठे इंजिन २०० किलोच्या आसपास भरते. एवढा भार पेलायचा म्हणून पुष्कळ जुन्या होड्यांत त्या फळीच्या पोटात प्लायवुड घातलेले आहे. स्क्रूच्या भोकातून पाणी झिरपते, लाकूड ओले राहते आणि बुरशी त्याचा भुसा करते. बाहेरून मात्र काहीच दिसत नाही!

इथे हातोडी कामाला येते. कोरड्या, घट्ट लाकडात कंपने झटकन पसरतात आणि आवाज टणक येतो. भुसभुशीत लाकडात ती तिथल्या तिथे जिरतात आणि आवाज बद्द येतो. दुसरी परीक्षा याहून सोपी आहे. इंजिनाच्या खालच्या टोकावर जोर देऊन पाहा. मागची फळी लवली, तर तो सौदा सोडून द्यावा. भर समुद्रात लाटांच्या दणक्यांनी ती फळी फाटली तर काय होईल?

होडीच्या बुडाला कधी कधी बारीक फोड आलेले असतात. पाण्यात टाकलेले बेदाणे फुगतात ना, तसलाच हा प्रकार, म्हणजे परासरण. वरच्या गुळगुळीत थरातून पाण्याचे रेणू हळूहळू आत शिरतात. राळेतले काही पदार्थ त्यात विरघळतात, द्रावण तयार होते आणि ते आणखी पाणी ओढते. असा फोड फोडला तर पुष्कळदा आंबट वास येतो. चार-दोन फोडांना मात्र घाबरू नये. ते दुरुस्त होतात.

आता वजन. १९६१ साली ‘लाइफ’ साप्ताहिकात एक मजेदार छायाचित्रमाला आली होती. ‘बोस्टन व्हेलर’ होड्या बनवणाऱ्या डिक फिशर यांनी आपली होडी करवतीने मधोमध कापवली आणि इंजिन असलेला अर्धा भाग चालवत ते निघून गेले! होडीच्या पोटात हलका फोम भरलेला होता, ही त्यातली किमया. पण जुन्या होडीतल्या फोममध्ये पाणी शिरले, तर तोच फोम ओझे होतो. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो! म्हणून हुशार गिऱ्हाईक होडी गाडीसकट वजनकाट्यावर नेतो आणि कारखान्याच्या आकड्यांशी ताडून पाहतो.

वयाबद्दल विक्रेत्याला विचारायलाच नको. तिकडच्या होडीवर मागे उजवीकडे १२ चिन्हांचा क्रमांक असतो. १९८४ नंतरच्या होडीवर शेवटी ‘सी६८६’ असेल, तर सी म्हणजे तिसरा महिना, मार्च. ६ म्हणजे १९८६ मध्ये बांधलेली. आणि ८६ हे तिचे नमुना-वर्ष.

इंजिनाला जस्ताचा तुकडा लावलेला असतो. खाऱ्या पाण्यात दोन धातूंचा विद्युत घट तयार होतो आणि ॲल्युमिनियमऐवजी जस्त झिजते. तेव्हा झिजलेले जस्त पाहून नाक मुरडू नका; ते आपले काम करते आहे. बराच काळ पाण्यात राहूनही ते कोरे करकरीत असेल, तर मात्र त्याची जोडणी तपासावी.

आणि हो, इंजिन सुरू करून पाहण्याआधी त्याला हात लावा. ते कोमट लागले, तर विक्रेत्याने तुम्ही येण्यापूर्वीच ते चालवून ठेवले आहे. गार इंजिन सुरू व्हायला किती कुरकुरते, हे तुम्हाला कळू नये म्हणून!