काळ्या कापडाखालचं बेलापूर

"मोजणी का रं दादा?"

बेलापूरच्या दिवाळे गावात तिपाई उभी केली की पहिला प्रश्न हाच येतो. नवी मुंबईत तिपाईचा अर्थ मोजणी असाच लागतो. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर आखलं गेलं. तेव्हापासून इथल्या माणसांनी तीन पायांवर उभं राहिलेलं यंत्र पाहिलं की पुढे काहीतरी जातं, हा अनुभव घेतलाय. माझ्या तिपाईवर लाकडी पेटी, तिला चामड्याचा भाता आणि वर काळं कापड. त्या कापडात मी डोकं खुपसलं की संशय आणखी वाढतो.

माझं पोट बिल्डरांच्या ब्रोशरवर चालतं. उलवे, खारघर, तळोजा. दिवसाला तीनशे फ्रेम सहज होतात, आभाळ नंतर कॉम्प्युटरवर बदलायचं आणि समोरच्या विजेच्या तारा पुसायच्या. कामाबद्दल तक्रार नाही, हप्ते त्यावरच जातात. पण महिन्याचे दोन रविवार मी या पेटीसाठी ठेवलेत, आणि त्या दोन दिवसांत मिळून सहा फोटो काढले तरी खूप झाले.

या पेटीत लागणारी चार बाय पाच इंचांची फिल्मची एक शीट म्हणजे नेहमीच्या फुलफ्रेम सेन्सरच्या सुमारे पंधरा पट क्षेत्रफळ. तपशील भरपूर मिळतो, पण मला त्यापेक्षा पेटीच्या मागची घासलेली काच आवडते. कापडाखाली गेलं की काचेवर जग उलटं लटकतं: आभाळ खाली, होड्या वर. पहिले काही दिवस मान वाकडी करून पाहायचो. आता उलटं पाहायची इतकी सवय झालीय की एखादी रेष तिरपी असली तर उलट्यातच आधी खुपते. दुसरी गंमत म्हणजे लेन्स जागच्या जागी वर सरकवता येते. इमारतीचा माथा घ्यायला कॅमेरा मागे कलवायचा नाही, म्हणून भिंती आत झुकत नाहीत. ब्रोशरसाठी हेच काम सॉफ्टवेअर चुटकीसरशी करतं. इथे त्यासाठी एक स्क्रू सैल करावा लागतो आणि आपण नेमकं काय केलं ते कळतं.

मी आधी ही पेटी सीबीडी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये नेली. चार्ल्स कोरियांनी १९८० च्या दशकात आखलेली ही बैठी वसाहत, एकेका छोट्या अंगणाभोवती सात घरं. घर गरजेप्रमाणे वाढावं, हे कोरियांनी आधीच धरलं होतं. ती वाढलीही, काही इतकी की मूळ उतरतं छप्पर शोधावं लागतं. दोन मजली बंगल्याला चिकटून उरलेलं एखादं जुनं घर दिसलं की मी तासभर तिथेच. सावलीतल्या अंगणात भिंग बत्तीसवर मिटलं की झडप सेकंदभर उघडी ठेवावी लागते. त्या सेकंदात सायकलवरून गेलेलं पोर फोटोत उरत नाही, फार तर धुरकट रेघ. थांबलेलं तेवढंच राहतं.

मुंबईला ही तिपाईवरची फोटोग्राफी नवी नाही. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ सालची, आणि भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कौन्सिलवर होते. पण मला जास्त जवळचे वाटतात गिरगावात स्टुडिओ चालवणारे नारायण विनायक विरकर. १९१९ च्या हत्याकांडानंतर ते अमृतसरला गेले. त्यांच्या फोटोंत माणसं भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणा बोटाने दाखवत उभी आहेत. ती सहज सापडलेली नाहीत, कॅमेऱ्यासाठी ठरवून थांबलीत. त्या थांबण्यातच साक्ष आहे.

फिल्म परदेशी, एका शीटला एका थाळीचे पैसे पडतात. म्हणून सरावाला मी एक्स-रे फिल्म वापरतो. एकेकाळी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची देशी 'इंदू' फिल्म मिळायची. तो कारखाना बंद पडला. आता वैद्यकीय सामानाच्या दुकानातून आठ बाय दहाचा खोका आणायचा आणि लाल दिव्याखाली प्रत्येक शीटचे चार तुकडे करायचे. या फिल्मला लाल रंग दिसत नाही, म्हणून तो दिवा चालतो. तिला दोन्ही बाजूंनी लेप असतो, त्यामुळे ट्रेमध्ये नख लागलं तरी ओरखडा उठतो. नेहमीच्या फिल्मला मात्र ठार अंधार लागतो. बाथरूमच्या दाराखाली टॉवेल दाबायचा आणि कडेची खाच चाचपायची. शीट उभी धरून खाच उजव्या हाताला वर आली की लेपाची बाजू आपल्याकडे. एकदा घाईत भिंग मिटायच्या आधीच होल्डरची पट्टी ओढली आणि अख्खी सकाळ काळी झाली.

मे महिन्यात नळाचं पाणी तिशीपार आणि डेव्हलपरला हवं वीस अंश. बर्फाची पिशवी टबात सोडून थर्मामीटरकडे बघत बसायचं. घरातले म्हणतात, एवढ्या वेळात पुरणपोळ्या झाल्या असत्या.

तर, मोजणीचं विचारणाऱ्या त्या आजी. मोजणी नाही, फोटो आहे म्हटल्यावर त्यांनी आधी कापडाखाली डोकं घातलं, आपली होडी उलटी पाहिली आणि "बुडली की!" म्हणून हसत बाहेर आल्या. मग लाल लुगडं सावरून जाळ्यांच्या ढिगावर बसल्या. मी एक्स-रे फिल्म लावली होती. "आजी, श्वास धरा." त्यांनी तो मी सांगितल्यापेक्षा बराच जास्त वेळ धरला.

पंधरा दिवसांनी प्रिंट घेऊन गेलो. चेहऱ्यावरची रेघ न् रेघ आली होती, जाळ्याची गाठही. लुगडं मात्र कोळशासारखं काळं. आजींनी प्रिंट उन्हात धरली, जवळ नेली, लांब नेली.

"लाल नेसले होते ना मी?"

या फिल्मला लाल दिसत नाही, मी सांगितलं. हिरवं चांगलं दिसतं.

"मग आधी सांगायचं. पुढच्या टायमाला हिरवं नेसते."