विनामूल्य वस्तूस मोल कां द्यावें?

तहसिलीच्या दप्तरांत तीस वर्षें कारकुनी केलेल्या माणसास एक खोड जडते. सरकारी काम म्हटलें कीं कांहीं तरी फी असणारच, असें तो धरून चालतो. या खोडीमुळें माझ्याच घरच्या माणसाचें नुकसान माझ्या सल्ल्यानें झालें. तें इतरांच्या उपयोगीं पडावें म्हणून ही हकीकत सांगतों.

माझे जावई अंबड तालुक्यांत कापूस व मोसंबी करतात. खरिपाची पीक पाहणी नोंदविण्याकरितां त्यांनीं मोबाइलवर शोध घेतला, तेव्हां सर्वांत वर एक संकेतस्थळ आलें. त्यावर राजमुद्रेसारखें चिन्ह, हिरव्या शेताचें चित्र आणि 'ॲप नोंदणी फी रु. ३४९' अशी ओळ होती. जावईबापूंनीं मला फोनवर विचारिलें. मी म्हणालों, "सरकारी काम आहे, भरून टाका." पैसे गेले, एक फाइल मोबाइलमध्यें उतरली आणि 'नोंदणी पूर्ण' असा संदेश आला. पंधरवड्यानें सात-बारा उघडून पाहतों तों पिकाचा रकाना कोरा! मुदतीस चारच दिवस उरले होते. मग खरें ॲप घेऊन, शेतांत उभें राहून, पिकाचें छायाचित्र काढलें तेव्हां नोंद झाली. तीनशें रुपयांचें दुःख फारसें नाहीं. परंतु ती नोंद राहून जाती, तर विम्याच्या दाव्यास अथवा हमीभावाच्या खरेदीस दाखवावयास आधार काय होता?

ई-पीक पाहणी राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. तिचें ॲप प्ले स्टोअरवर विनामूल्य मिळतें. मग ठकास पैसे कसे मिळतात? तो शोधयंत्राच्या मालकास जाहिरातीचे पैसे देऊन आपलें दुकान रस्त्याच्या तोंडाशीं मांडतो. अशा दुव्यावर 'प्रायोजित' असा बारीक शब्द असतो, तो आपण वाचीत नाहीं. संगणकाचीही हीच गोष्ट. दूध संकलनाचा हिशेब ठेवण्यास पुरेसें असलेलें 'लिबर ऑफिस' द डॉक्युमेंट फाऊंडेशन ही संस्था सर्वांस फुकट देते. तेंच दुसऱ्याच्या संकेतस्थळावरून विकत घेण्यांत शहाणपण नाहीं. सौर पंपाविषयींही केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयानें, कुसुम योजनेच्या नांवानें नोंदणी फी उकळणाऱ्या बनावट संकेतस्थळांपासून सावध राहण्याचे इशारे वेळोवेळीं दिले आहेत.

तथापि प्रत्येक फी ही लबाडी नव्हे, हेंही ध्यानांत ठेवावें. महाभूलेखवर सात-बारा नुसता पाहण्यास कांहीं पडत नाहीं. डिजिटल स्वाक्षरीची प्रत मात्र रु. १५ देऊन घ्यावी लागते. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेंत शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, व अनुसूचित जाती-जमातींस ५ टक्के, हा रीतसर भरणा आहे. प्रश्न पैसे द्यावे कीं न द्यावे हा नसून, ते कोणास व कोणत्या दारीं द्यावे हा आहे.

याकरितां चार गोष्टी पाळाव्या. पहिली, पत्त्याचा शेवट पाहावा. राज्य व केंद्र सरकारचीं बहुतेक संकेतस्थळें 'गव्ह डॉट इन' अथवा 'निक डॉट इन' येथें संपतात. नांवांत मध्येंच 'गव्ह' घालून शेवटीं 'डॉट कॉम' अथवा 'डॉट ऑनलाइन' असेल, तर तें सरकारी समजूं नये. दुसरी, व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल कोणीही पाठविलेली असो, उघडूं नये. ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्यावें. तिसरी, ओटीपी व यूपीआयचा पिन कोणास सांगूं नये. पैसे घेण्यास पिन लागत नाहीं, देण्यासच लागतो. चौथी, शंका आल्यास तलाठी अथवा कृषी सहाय्यक यांस आधीं विचारावें, मग बोट लावावें.

इतकें करूनही फसवणूक झालीच, तर लाजेनें गप्प बसूं नये. १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें. पैसे पुढें सरकण्यापूर्वीं कळविल्यास बँकेस ते अडवितां येण्याचा संभव असतो. जावईबापूंनीं तें केलें नाहीं, कारण सल्ला सासऱ्याचा होता आणि सासऱ्याची चूक चारचौघांत कशी सांगावी, असा त्यांस संकोच वाटला. म्हणून ती मीच सांगितली.

बियाण्याची पिशवी घेतांना आपण तिचें लेबल वाचतों, लॉट क्रमांक पाहतों व पावती मागतों. मोबाइलच्या पेठेंतही तीच सवय लावूं या.