धुवाँधारची फाइल एवढी मोठी का?

जबलपूरला पाहुणे आले की भेडाघाट चुकत नाही. संगमरवरी कड्यांमधून जाणाऱ्या नावेत एक व्हिडिओ होतो, धुवाँधार धबधब्यापाशी दुसरा, आणि संध्याकाळी ग्वारीघाटावर नर्मदेच्या आरतीचा तिसरा. रात्री हे सगळं फोनमधून कॉम्प्युटरवर उतरवलं की डिस्क भरत येते, आणि पुण्या-नागपूरला ईमेलने पाठवायचं म्हटलं तर जीमेलची मर्यादा २५ एमबी. मग फाइल लहान करायचे उपाय सुरू होतात. त्यांतले बरेचसे ऐकीव असतात.

पहिला उपाय झिपचा. वर्डची किंवा हिशेबाची फाइल झिप केल्यावर लहान होते, म्हणून व्हिडिओही होईल असं वाटतं. तो जवळजवळ तेवढाच राहतो. १०८०पी चित्राच्या एका फ्रेममध्ये सुमारे २० लाख ७३ हजार बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगाला तीन बाइट धरले आणि सेकंदाला ३० फ्रेम धरल्या, तर एका मिनिटाला ११ जीबींहून जास्त जागा लागेल. आयफोन त्याच दर्जाचं एक मिनिट सुमारे ६० एमबीत बसवतो. म्हणजे चित्रण होत असतानाच फोनने फाइल करकचून पिळलेली असते, झिपला पिळायला काही उरत नाही. एमओव्हीचं नाव बदलून एमपी४ केल्यानेही एक बाइट वाचत नाही. ती फक्त डब्यावरची चिठ्ठी.

दुसरी समजूत अशी की एवढ्या मिनिटांचा व्हिडिओ म्हणजे अमुक एमबी. खरं तर फाइलचा आकार बिटरेटवर ठरतो. सेकंदाला ८ मेगाबिट म्हणजे १ एमबी, मिनिटाला ६० एमबी, एवढा सरळ हिशेब आहे. पण किती बिटरेट पुरेल, हे चित्रात काय चाललं आहे यावर अवलंबून असतं, आणि इथे भेडाघाटची दोन चित्रणं शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

व्हिडिओ पिळणारी पद्धत, म्हणजे कोडेक, प्रत्येक फ्रेम नव्याने साठवत नाही. आधीच्या फ्रेमचे चौकोनी तुकडे कुठे सरकले, तेवढं नोंदवतो आणि उरलेला फरक लिहितो. नाव संथ चालली असेल तर कडा तोच असतो, फक्त थोडा बाजूला सरकलेला. हे नोंदवायला फार कमी जागा लागते. धुवाँधारला मात्र प्रत्येक फ्रेममध्ये फेस नवा, तुषार नवे, त्यामुळे आधीच्या फ्रेममधलं उपयोगी पडेल असं फारसं काही सापडत नाही. ग्वारीघाटावरच्या आरतीत अडचण वेगळी असते. अंधारात फोनच्या सेन्सरवर जी बारीक खसखस उमटते तीही दर क्षणाला बदलते, आणि कोडेक तीसुद्धा इमानाने साठवत बसतो.

म्हणून ‘तिन्ही व्हिडिओ शंभर-शंभर एमबीत बसव’ असं सांगणं चूक आहे. नावेच्या व्हिडिओत जागा वाया जाते आणि धबधब्याचे चौकोन चौकोन दिसू लागतात. आकार ठरवण्यापेक्षा दर्जा ठरवावा. हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर उघडा, व्हिडिओच्या टॅबमध्ये ‘कॉन्स्टंट क्वालिटी’ निवडा. तिथला आकडा लहान तेवढा दर्जा चांगला आणि फाइल मोठी. १०८०पी चित्रणाला एच.२६४ या कोडेकमध्ये २० ते २४ हा आकडा बरोबर बसतो. साधारण ६ ने वाढवला की बिटरेट निम्म्यावर येतो. आधी धबधब्याचं अर्धं मिनिट करून पाहा, ते पूर्ण पडद्यावर नीट दिसलं तर बाकीचं निर्धास्त करा. आरतीसाठी खसखस कमी करणारं हलकं डीनॉइज लावलं तर फाइल आणखी उतरते.

आवाजावर कात्री चालवणारेही भेटतात. १६० किलोबिटचा आवाज मिनिटाला जेमतेम सव्वा एमबी घेतो. तिथे काटकसर करून हाती काही लागत नाही, आणि घरच्या माणसांचं बोलणं मात्र बिघडतं.

२०१३ साली आलेला एच.२६५ हा २००३ च्या एच.२६४ पेक्षा निश्चितच काटकसरी आहे, त्याच दर्जाची फाइल कधी कधी निम्म्यापर्यंत येते. पण जुन्या कॉम्प्युटरवर ती अडखळत चालते. ज्यांना पाठवायचं त्यांचं यंत्र जुनं असेल तर एच.२६४ च बरा. ग्राफिक्स कार्डाकडून केलेलं रूपांतर झटपट होतं, पण त्याच दर्जासाठी फाइल बहुधा मोठी होते. घाई नसेल तर रात्रभर प्रोसेसरला काम करू द्यावं.

पेनड्राइव्हची तक्रार तर नेहमीचीच: ३२ जीबी रिकामे असताना ५ जीबीची फाइल उतरत नाही. पेनड्राइव्ह खराब नसतो. तो फॅट३२ पद्धतीने फॉर्मॅट केलेला असतो, आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही. आतला मजकूर दुसरीकडे ठेवून एक्सफॅटमध्ये फॉर्मॅट केलं की काम झालं. व्हॉट्सॲपवरही व्हिडिओ ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडला तर २ जीबीपर्यंतची फाइल दर्जा न गमावता जाते.

सगळ्यांत महाग पडणारा गैरसमज मात्र असा, की लहान केलेली फाइल चांगली दिसतेय, तेव्हा मूळ पुसायला हरकत नाही. एकदा टाकलेला तपशील परत मिळत नाही, आणि पुढे ती लहान फाइल पुन्हा लहान केली की आणखी तपशील जातो. दुसरं सॉफ्टवेअर घेऊन किंवा रिझोल्यूशन वाढवून तो येत नाही, फक्त फाइल फुगते. तेव्हा जागा हवी असेल तर आधी नको असलेले भाग कापा. लॉसलेसकटसारख्या साधनाने हे दर्जाला धक्का न लावता होतं. पाठवायची प्रत खुशाल बारीक करा, पण ज्या चित्रणात घरची माणसं आहेत त्याची मूळ फाइल बाहेरच्या हार्ड डिस्कवर गेल्याशिवाय डिलीटचं बटण दाबू नका.