विश्लेषण : तारे टिपण्यासाठी सेकंड-हँड डीएसएलआर घेताना काय तपासाल?

पावसाळा संपला की वांगणी, भंडारदऱ्याच्या दिशेने दुर्बिणी आणि ट्रायपॉड घेऊन जाणाऱ्यांची लगबग सुरू होते. त्याच सुमारास हातातला जुना कॅमेरा अपुरा वाटू लागतो. व्यावसायिक छायाचित्रकार मिररलेसकडे वळल्याने एकेकाळी आवाक्याबाहेर असलेले डीएसएलआर आता सेकंड-हँड बाजारात सहज मिळतात. मात्र, लग्नसमारंभात उत्तम चालणारा कॅमेरा आकाशगंगेसाठीही उत्तम असेलच असे नाही.

कॅमेराच बदलायला हवा का?

बहुतेकदा अडचण बॉडीची नसून किट लेन्सची असते. १८ मिलिमीटरला एफ/३.५ ऐवजी एफ/१.८ ची लेन्स लावली तर त्याच वेळात जवळपास चौपट प्रकाश मिळतो. एपीएस-सी सोडून फुल-फ्रेमवर गेल्यास सेन्सरचे क्षेत्रफळ सव्वादोन ते अडीच पट होते, पण त्यासाठी कितीतरी जास्त पैसे मोजावे लागतात. शिवाय पृथ्वी फिरते. १८ मिलिमीटर लेन्स निकॉनच्या एपीएस-सी कॅमेऱ्यावर असेल तर ‘५००चा नियम’ जेमतेम १८ सेकंद देतो (५०० भागिले १८ गुणिले १.५). त्यापुढे तारे रेघोट्यांसारखे ओढलेले दिसतात. आकाशाच्या गतीने कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर असेल तर हीच मर्यादा काही मिनिटांवर जाते. म्हणून पैसे मोजके असतील तर आधी लेन्स, मग ट्रॅकर आणि शेवटी बॉडी, हा क्रम शहाणपणाचा.

मग कोणते मॉडेल?

कॅननचा ६डी (२०१२) आजही अनेकांचा आवडता आहे. २० मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम सेन्सर आणि कमी प्रकाशातली स्वच्छ प्रतिमा हे त्याचे बळ. मात्र त्याचा स्क्रीन वळत नाही, त्यामुळे कॅमेरा डोक्यावर रोखला की फोकस पाहण्यासाठी जमिनीवर आडवे व्हावे लागते! दुसरी गोष्ट विक्रेते हमखास सांगत नाहीत : कॅननच्या छोट्या कॅमेऱ्यांच्या ईएफ-एस लेन्स ६डीला बसतच नाहीत. म्हणजे बॉडीबरोबर लेन्सचाही खर्च आला.

निकॉन डी५३०० (२०१३) स्वस्तात मिळतो. २४ मेगापिक्सेल, वळणारा स्क्रीन आणि बारीक तपशील टिपणारा सेन्सर. त्यात फोकस मोटर नसल्याने जुन्या लेन्सवर ऑटोफोकस चालत नाही, पण ताऱ्यांसाठी फोकस हातानेच करायचा असतो. त्यामुळे हीच उणीव जुनी, स्वस्त लेन्स घेण्याची संधी ठरते. डी७५० (२०१४) फुल-फ्रेम आहे आणि त्याचा स्क्रीनही कलतो. परंतु त्यातील काही कॅमेरे शटरच्या दोषामुळे निकॉननेच दुरुस्तीसाठी परत मागवले होते. सीरियल नंबर पडताळूनच व्यवहार करा.

‘मॉडिफाइड’ म्हणजे काय?

तेजोमेघांतील हायड्रोजनचा लाल प्रकाश ६५६ नॅनोमीटरचा असतो. नेहमीच्या कॅमेऱ्यातील फिल्टर तो बराचसा अडवतो. कॅननने ६०डीए (२०१२) आणि निकॉनने डी८१०ए (२०१५) खास यासाठीच काढले होते. इतर कॅमेऱ्यांत काही जण हा फिल्टर बदलून घेतात. असा कॅमेरा मिळाला तर तेजोमेघांसाठी तो सोनेच, पण दिवसाचे फोटो लालसर येतात आणि व्हाइट बॅलन्स स्वतः जुळवावा लागतो. घरगुती वापरही असेल तर विचार करा. येथे एक फसगत होते. ७२० नॅनोमीटरच्या फिल्टरचा ‘इन्फ्रारेड कन्व्हर्टेड’ कॅमेरा वेगळा. तो हायड्रोजनचा हा प्रकाशच रोखतो, म्हणजे तेजोमेघांसाठी निरुपयोगी.

दुकानात काय तपासावे?

मुंबईच्या बोरा बाजारात घ्या किंवा ऑनलाइन ओळखीतून, स्वतःचे मेमरी कार्ड सोबत न्या. लेन्सला झाकण लावून आयएसओ १६०० वर ३० सेकंदांची रॉ फ्रेम घ्या आणि लॅपटॉपवर मोठी करून पाहा. तुरळक रंगीत ठिपके चालतात. आडवे-उभे पट्टे किंवा एखाद्या कोपऱ्यात जांभळी चमक दिसली तर तो कॅमेरा सोडून द्या. मग एफ/१६ वर पांढऱ्या कागदाचा फोटो काढा, त्यात सेन्सरवरची धूळ दिसते. धूळ साफ करता येते, ओरखडे नाही. रिमोटचे पोर्ट सैल नाही ना, तेही पाहा.

शटर काउंटला अवास्तव महत्त्व देऊ नका. रात्रीत २०० फ्रेम आणि वर्षाला २० रात्री धरल्या तरी ४ हजारच होतात. ६डीचे शटर १ लाख क्लिकसाठी बनवलेले आहे. निकॉनचा काउंट फोटोच्या माहितीत सापडतो. कॅननच्या बहुतेक मॉडेलसाठी केबल आणि सॉफ्टवेअर लागते.

खरा धोका बुरशीचा. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सवर ती हटकून धरते. मोबाइलचा टॉर्च एका बाजूने लावून लेन्समधून तिरके पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर किंमत कितीही उतरवली तरी ती लेन्स घेऊ नका. आणि मूळ बिल, तसेच त्यावरचा व बॉडीवरचा सीरियल नंबर जुळल्याशिवाय पैसे देऊ नका.