पेटी आपली, हुकूम कोणाचा?

सूतगिरणी चौक असो, पुंडलिकनगर असो किंवा विभागीय क्रीडा संकुलाच्या आसपासच्या वसाहती असोत, छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यातील ज्या घरांत १९९० च्या दशकात शाळकरी मुले होती, त्यांपैकी पुष्कळ घरांच्या माळ्यावर एक प्लॅस्टिकची पेटी, तिला जोडलेले दोन रिमोट आणि चार-दोन कॅसेटी आजही पडून असण्याचा संभव आहे. समुराई, मीडिया, टर्मिनेटर अशी भारदस्त नावे धारण करून ही पेटी त्या काळी बाजारात आली. मुलांनी तिला सरळ ‘व्हिडिओ गेम’ म्हटले आणि मारिओ व कॉन्ट्रा खेळण्यात उन्हाळ्याच्या सुट्ट्या खर्ची घातल्या. वडीलधाऱ्यांच्या दृष्टीने ते एक वेळखाऊ खेळणे होते. परंतु ज्यात आज्ञा पाळणारा प्रोसेसर आहे, स्मृती आहे, चित्र काढण्याची आणि नाद उत्पन्न करण्याची सोय आहे, त्या यंत्राला संगणक म्हणण्यास कोणती हरकत असावी? आणि तो संगणक जर आपण पैसे मोजून घरी आणला असेल, तर त्याच्यावर आपण स्वतः लिहिलेली आज्ञावली चालवण्याची मुभा आपल्याला का नसावी?

या प्रश्नातूनच होमब्रू नावाचा उद्योग जगभर उभा राहिला. कंपनीचा परवाना न घेता, हौसेखातर, स्वतःच्या आणि समानधर्मी मंडळींच्या उपयोगासाठी लिहिलेली आज्ञावली म्हणजे होमब्रू. मग तो एखादा नवा खेळ असेल, वाद्य असेल, पुस्तके वाचण्याची सोय असेल किंवा लिनक्ससारखी संपूर्ण प्रणालीही असेल. ती गेम कन्सोलवर चालवण्यासाठी कोणता सरंजाम लागतो, याची चौकशी करू जाता एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. यंत्र जितके सामर्थ्यवान तितका सरंजाम मोठा, असा काही नियम येथे नाही; निर्मात्याने आपल्या गिऱ्हाइकावर जितका अविश्वास दाखवला असेल, तितका सरंजाम वाढतो.

लागणाऱ्या साहित्याचे चार भाग पडतात. आज्ञावली लिहिण्यासाठी एक साधा संगणक. ती त्या कन्सोलच्या प्रोसेसरला समजेल अशा रूपात उतरवणारा कम्पायलर. तयार झालेली आज्ञावली संगणकातून कन्सोलपर्यंत वाहून नेणारे माध्यम, म्हणजे कॅसेट, मेमरी कार्ड, कोरी तबकडी किंवा केबल. आणि अखेरीस, यंत्राने ती परकी आज्ञावली स्वीकारावी यासाठी करावी लागणारी तजवीज. पहिल्या दोन भागांना आज जवळजवळ काहीच खर्च येत नाही. आठ बिटांच्या जुन्या यंत्रांसाठी सीसी६५, तर निन्टेन्डोच्या पुढच्या यंत्रांसाठी डेव्हकिटप्रो, अशी साधने विनामूल्य मिळतात, आणि एम्युलेटर नावाची आज्ञावली संगणकावरच कन्सोलची हुबेहूब वर्तणूक दाखवीत असल्यामुळे प्रारंभीचे कित्येक महिने प्रत्यक्ष यंत्राला हात लावण्याचेही कारण पडत नाही. खरी कसोटी तिसऱ्या आणि चौथ्या भागात लागते.

माळ्यावरच्या पेटीपासूनच सुरुवात करू. ती ज्या मूळ यंत्राची नक्कल होती, ते निन्टेन्डो कंपनीचे फॅमिकॉम १९८३ साली जपानात विक्रीस आले. प्रसिद्ध ६५०२ प्रोसेसरच्या कुळातील एक चिप, केवळ २ किलोबाइट कार्यस्मृती आणि वरच्या खाचेत बसणारी ६० पिनांची कॅसेट, एवढाच त्याचा संसार. या यंत्राला कुलूप नव्हते. पुढे १९८५ साली अमेरिकेसाठी याच यंत्राची निराळी आवृत्ती काढताना कंपनीने ७२ पिनांची खाच केली आणि पेटीत एक व कॅसेटीत एक अशा जोडचिपांची योजना केली. जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोघींनी एकच ओवी एका सुरात म्हणावी आणि एकीचा शब्द चुकताच दुसरीने जाते थांबवावे, तशा या दोन चिपा एकच गुप्त अंकमालिका अखंड पडताळीत राहत, आणि मेळ बसला नाही की पेटी सेकंदासेकंदाला पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. ही अंकमालिका मिळवण्यासाठी अटारी गेम्स या कंपनीने अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाकडे खोटी कैफियत देऊन त्या चिपेच्या आज्ञावलीची प्रत हस्तगत केली, आणि पुढे न्यायालयात ती लबाडी त्यांच्या अंगलट आली.

आपल्याकडे आलेल्या पेट्या जपानी घडणीच्या ६० पिनांच्या नकला असल्यामुळे हे सारे रामायण आपल्याला घडलेच नाही. जी पेटी स्वतःच परवान्यावाचून जन्माला आली, ती दुसऱ्या कोणाकडे परवाना कशी मागणार! त्यामुळे तिच्यावर स्वतःची आज्ञावली चालवण्यास लागते ती फक्त योग्य कॅसेट. पूर्वी ती हाताने सिद्ध करीत: काचेची खिडकी असलेली ईप्रॉम चिप घ्यायची, अतिनील दिव्याखाली पाव तास ठेवून कोरी करायची, प्रोग्रॅमर नावाच्या उपकरणात बसवून तिच्यात आज्ञावली भरायची आणि मग ती सर्किटावर डाग देऊन बसवायची. अभियांत्रिकी किंवा तंत्रनिकेतनात ज्यांनी ८०८५ च्या किटवर हात चालवला आहे, त्यांना यात अपरिचित असे काही नाही. एक अडचण मात्र सांगितली पाहिजे. ‘९९९९९९९ इन १’ असा अफाट दावा करणाऱ्या आपल्याकडील बहुतेक कॅसेटींत चिप काळ्या इपॉक्सीच्या गोळ्याखाली कायमची गाडलेली असते. ती काढून तेथे दुसरी बसवता येत नाही. म्हणून आता या मार्गाऐवजी एसडी कार्ड घेणारी फ्लॅश कॅसेट वापरतात. युक्रेनच्या इगोर गोलुबोव्स्की यांची एव्हरड्राइव्ह ही त्यांतील नामांकित. तिची ६० पिनांची आवृत्तीही निघते. मात्र एकाच चिपेत सगळे यंत्र कोंबलेल्या काही नकली पेट्यांशी तिचे जुळत नाही, हे खरेदीपूर्वी तपासावे.

कुलूपबंद यंत्रांची कथा निराळी. प्लेस्टेशन २ हे २००० साली निघालेले, जगभर १५ कोटींहून अधिक खपलेले आणि आपल्याकडेही दीर्घकाळ विकले गेलेले यंत्र घ्या. अस्सल तबकडीखेरीज दुसरे काही स्वीकारायचे नाही, असा त्याचा बाणा. प्रारंभी लोक त्याच्या सर्किटावर मॉडचिप बसवीत. त्यासाठी केसासारख्या बारीक तारा आणि निष्णात हात लागत. पण या यंत्राला मेमरी कार्डावरून अद्ययावत होण्याची एक सोय निर्मात्यानेच ठेवली होती, आणि २००८ साली आलेल्या फ्री मॅकबूट या आज्ञावलीने तीच वाट धरली. तेव्हापासून ८ मेगाबाइटचे एक तयार केलेले मेमरी कार्ड एवढाच सरंजाम पुरू लागला. २०२० साली तर या यंत्राच्या डीव्हीडी चित्रपट वाचण्याच्या व्यवस्थेतील दोष उजेडात आला आणि काम एका कोऱ्या डीव्हीडीवर येऊन ठेपले.

हातात धरण्याच्या पीएसपी यंत्राची गंमत याहून अधिक. त्याच्या बॅटरीत एक सूक्ष्म स्मृतिचिप असून तिच्यात बॅटरीचा क्रमांक असतो. तो क्रमांक एका विशिष्ट मूल्यावर नेला की ती बॅटरी बसवताच यंत्र स्वतःला दुरुस्ती केंद्राच्या टेबलावर समजू लागते आणि स्वतःच्या अंतर्गत आज्ञांऐवजी मेमरी स्टिकवरील आज्ञा वाचते. २००७ साली प्रसिद्धीस आलेल्या या बॅटरीला पॅन्डोरा असे नाव पडले. पुढे निन्टेन्डोच्या वी यंत्राची गुपिते वाचण्यासाठी संशोधकांच्या एका गटाने स्मृतीच्या दोन बिंदूंना चक्क चिमट्याने जोडले. आणि २०१८ साली त्याच कंपनीच्या स्विच यंत्राच्या मूळ चिपेतच, जेथे कारखान्याबाहेर पडल्यानंतर अक्षरही बदलता येत नाही अशा भागात, दोष सापडला, तेव्हा उजव्या हाताच्या कंट्रोलरच्या खाचेतील दोन पिना जोडणारा तारेचा तुकडा आणि एक यूएसबी केबल एवढ्यावर काम भागले. कुलूप कोट्यवधी डॉलरांचे आणि किल्ली कागदाच्या टाचणीची, असा हा प्रकार आहे. अर्थात टाचणी स्वस्त असली तरी ती कोठे लावायची हे शोधण्यात खर्ची पडलेले परिश्रम स्वस्त नव्हते.

निर्मात्यांनी स्वतःहून दार उघडल्याचेही दाखले आहेत. सोनीने १९९६-९७ च्या सुमारास नेट यारोझे नावाने हौशी लोकांसाठी काळ्या रंगाचे खास प्लेस्टेशन केबलसह विकले. २००२ साली प्लेस्टेशन २ साठी ४० गिगाबाइटची हार्ड डिस्क, कीबोर्ड, माउस आणि नेटवर्क जोडणी असलेला लिनक्स संच युरोप-अमेरिकेत दिला. प्लेस्टेशन ३ वर तर दुसरी प्रणाली बसवण्याची मुभा उपजतच होती, आणि अमेरिकेच्या वायुदलाने १,७६० यंत्रे एकत्र गुंफून त्यांचा महासंगणक केला. पण एप्रिल २०१० मध्ये सोनीने ती मुभा एका अद्ययावतीकरणाने काढून घेतली. दिलेली सवलत घरबसल्या परत घेता येते, हे गिऱ्हाइकांना त्या दिवशी समजले.

आता हत्यारांविषयी. बारीक टोकाचे सोल्डरिंग आयर्न, फ्लक्स, टोकदार चिमटा, मल्टिमीटर आणि शक्य असल्यास हॉट एअर गन व सूक्ष्मदर्शक ही साधने लागतात. आणि ती पाहण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही, कारण पैठण गेटच्या मोबाइल बाजारात दुरुस्तीला बसलेल्या कारागिरांच्या टेबलावर नेमकी हीच साधने मांडलेली असतात. त्यांतही मल्टिमीटरचा मान पहिला. जुन्या पेट्यांच्या अडॅप्टरचा दाब आणि धन-ऋण बाजू पेटीगणिक बदलते; कोणताही जुळणारा अडॅप्टर खोचून तीस वर्षांची चिप जाळण्यापेक्षा आधी मोजून पाहणे शहाणपणाचे.

शिवाय पडदा हवा. या शहराला टीव्हीचे वावडे कधीच नव्हते. पैठण रस्त्यावरील चितेगावच्या व्हिडिओकॉन कारखान्याने रंगीत टीव्हीच्या काळात मराठवाड्याचे नाव देशभर नेले. जुनी पेटी आपले चित्र अँटेनाच्या वायरीतून किंवा पिवळ्या-पांढऱ्या एव्ही केबलमधून पाठवते, आणि ते जाड काचेच्या पिक्चर ट्यूबवर उत्तम दिसते. बदके टिपण्याची बंदूक तर त्या ट्यूबखेरीज चालतच नाही. ट्यूबवर चित्र ज्या क्षणी उमटते तो क्षण हेरून ती नेम ठरवते, आणि आजचे सपाट पडदे चित्रावर प्रक्रिया करण्यात जो अल्प विलंब लावतात, तेवढ्याने तिचे गणित फसते. म्हणून स्वतःच्या आज्ञावलीची परीक्षा घेऊ इच्छिणाऱ्याने घरातील जुना टीव्ही भंगारवाल्याच्या हवाली करण्याची घाई करू नये.

कायद्याचा मुद्दा टाळून चालणार नाही. फ्लॅश कॅसेट आणि मॉडचिप यांचा उपयोग चोरीचे खेळ चालवण्याकडे जगभर झाला, ही वस्तुस्थिती आहे, आणि प्रामाणिक हौशी माणसाला तिची झळ पोहोचली. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ दाखल झाले. हक्कभंग करण्याच्या हेतूने संरक्षणाची तांत्रिक व्यवस्था चुकवणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी शिक्षा त्यात आहे. येथे ‘हेतू’ हा कळीचा अंश आहे. दुसरीकडे कलम ५२ स्वतंत्रपणे लिहिलेली आज्ञावली इतर आज्ञावलींशी जुळवून घेण्यासाठी आवश्यक ती माहिती मिळवण्यास कायदेशीर धारकाला मोकळीक देते. स्वतःची आज्ञावली स्वतःच्या यंत्रावर चालवणे आणि दुसऱ्याचा खेळ फुकट लाटणे यांत कायदा भेद करतो, आपणही करावा.

मग एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याला एक मराठी उत्तर आहे. त्या जुन्या पेटीचा पडदा ८ बाय ८ बिंदूंच्या चौकटींचा, आडव्या ३२ आणि उभ्या ३०. आणि पार्श्वभूमीसाठी एका वेळी निरनिराळ्या २५६ चौकटीच हाताशी. रोमन अक्षर एका चौकटीत सुखाने बसते. देवनागरीला वर शिरोरेषा आणि वेलांटी, खाली उकार. अक्षर वाचनीय व्हायचे तर चार चौकटी लागतात. क्ष-ज्ञ धरून ३६ व्यंजनांतच १४४ चौकटी संपतात, आणि मात्रा, अंक व जोडाक्षरे अद्याप दाराबाहेर उभीच. यावर तोड अशी की चित्रांसाठी कायम स्मृतीऐवजी बदलती स्मृती असलेली कॅसेट घ्यावी आणि ज्या क्षणी जी अक्षरे हवीत तेवढीच तेथे रेखाटावीत. कोणत्याही कंपनीला या कामात नफा दिसणार नाही, म्हणून ते कोणतीही कंपनी करणार नाही. ते करील तो हौशी मनुष्यच, आणि तो मराठी असला तरच.

ज्याला या वाटेने जावयाचे आहे, त्याने पहिला पैसा खर्च करण्यापूर्वी एम्युलेटरवर आपले एखादे अक्षर पडद्यावर उमटवून पाहावे. ते साधले तर फ्लॅश कॅसेट घ्यावी. आणि डाग देण्याची हत्यारे त्यानंतर, गरज पडेल तशी जमवावीत. कुलपे मोडण्याच्या कौशल्याचा मोह नवशिक्याला फार होतो, परंतु कुलूप मोडल्यावर आत ठेवण्यासारखे स्वतःचे काही नसेल, तर त्या कौशल्याची परिणती बहुधा दुसऱ्याचा माल उचलण्यातच होते. म्हणून सर्वांत नवे आणि सर्वांत कडेकोट यंत्र विकत घेऊन आरंभ करण्यापेक्षा, ज्या गरीब नकली पेटीने कोणाकडेच परवाना मागितला नाही, तिच्यावर आरंभ करणे अधिक श्रेयस्कर. तेथे निर्मात्याशी झुंजण्यात वेळ जात नाही, सारा वेळ लिहिण्याला मिळतो.