कापड द्या, वाइन घ्या

बोईसर-चिल्हार रस्त्यावर बेटेगावच्या नाक्याशी थोडा वेळ थांबलं तरी तारापूर एमआयडीसीचा कारभार कळतो. औषधं, रसायनं, लोखंडी सळ्या आणि कापड, असा सगळा माल ट्रकांत भरून महामार्गाकडे निघालेला असतो. याच रस्त्याने उलट दिशेने पोर्तुगालची वाइन येईल का, हा प्रश्न वरवर चेष्टेचा वाटेल. पण कापड आणि पोर्तुगीज वाइन यांचं गणित तीनशे वर्षांपूर्वीच मांडून झालं आहे, आणि सध्या ते आपल्या दारात पुन्हा मांडलं जातंय.

जानेवारी २०२६ मध्ये दिल्लीत भारत आणि युरोपीय संघ यांच्यातल्या मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. आपल्याला कापड, कपडे, चामड्याच्या वस्तू तिकडे विनाशुल्क पाठवायच्या होत्या. त्यांना मोटारी आणि वाइन इकडे विकायची होती. आयात वाइनवर आपण वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क लावत आलो. ते आता टप्प्याटप्प्याने बरंच खाली येईल, अर्थात दोन्हीकडच्या मंजुऱ्यांचे सोपस्कार उरकल्यावर. त्या घोषणेच्या वेळी युरोपीय परिषदेचे अध्यक्ष म्हणून हजर होते अंतोनियो कॉश्ता. पोर्तुगालचे माजी पंतप्रधान, आणि वडिलांकडून मूळ मडगावचे. इतिहासाला असे योगायोग जुळवायची हौस असते.

आता मागे जाऊ. २७ डिसेंबर १७०३ रोजी जॉन मेथ्युएन या इंग्रज राजदूताने पोर्तुगालशी एक करार केला. जेमतेम तीन कलमांचा. इंग्लंडचं लोकरी कापड पोर्तुगालने घ्यावं, आणि बदल्यात पोर्तुगीज वाइनवर इंग्लंडने फ्रेंच वाइनपेक्षा एक तृतीयांश कमी जकात घ्यावी. इंग्रजांना खरी आवड फ्रेंच वाइनची. पण फ्रान्सशी सतत युद्धं, त्यात जकातीतला हा फरक. बघता बघता लंडनच्या खानावळीत पोर्टो शहरातून आलेली लाल, गोड, कडक ‘पोर्ट’ रुळली. चव आधी आणि बाजार मागून, असं आपण समजतो. इथे जकात आधी आली आणि जीभ तिच्यामागून गेली.

पुढे १८१७ मध्ये डेव्हिड रिकार्डो या अर्थतज्ज्ञाने हेच उदाहरण पुस्तकात घेतलं. पोर्तुगालला ठरावीक वाइन काढायला वर्षभर ८० माणसं लागतात आणि कापडाला ९०. इंग्लंडला वाइनला १२०, कापडाला १००. म्हणजे दोन्ही कामांत पोर्तुगाल सरस. तरीही त्याने वाइनच करावी आणि कापड विकत घ्यावं, त्यात दोघांचा फायदा, असा त्याचा युक्तिवाद. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तो आजही पाठ करावा लागतो. त्यात एक गोष्ट गाळलेली असते. प्रत्यक्षात पोर्तुगालचं कापड मागे पडलं, आणि वाइनच्या धंद्यातला मोठा नफा पोर्टोत बसलेल्या इंग्रज व्यापाऱ्यांच्या पेढ्यांनी नेला.

त्याहून रंजक आहे ते पुढचं प्रकरण. मागणी वाढली तशी भेसळ वाढली. रंग गडद दिसावा म्हणून वाइनमध्ये एल्डरबेरी नावाच्या फळाचा रस मिसळू लागले. भाव कोसळले. तेव्हा मार्क्विस द पोंबाल या कडक पंतप्रधानाने १७५६ मध्ये कंपनी स्थापून दोरू नदीच्या खोऱ्याची हद्द आखून दिली. या हद्दीतल्या द्राक्षाचीच वाइन पोर्ट म्हणून निर्यात होईल, बाहेरची नाही. हद्दीतली एल्डरबेरीची झाडंही उपटायला लावली. दुसऱ्याच वर्षी पोर्टोतल्या गुत्तेवाल्यांनी कंपनीविरुद्ध दंगा केला आणि पोंबालने त्यातल्या अनेकांना फासावर चढवलं. शेतमालाच्या भौगोलिक मानांकनाची, म्हणजे ज्याला आपण जीआय म्हणतो त्याची, जगातली ही एक सर्वांत जुनी सुरुवात. ती गोडीगुलाबीने झालेली नाही.

आज या खोऱ्यातल्या वाइनरी पाहायला जाणारा खरेदीदार काय पाहतो? डोंगरउतारावर दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या बागा. माती म्हणावी तर नाहीच, पापुद्र्यासारखा फुटणारा खडक. सप्टेंबरात तोडणी. काही घराण्यांत अजूनही ग्रॅनाइटच्या उथळ हौदांत माणसं ओळीने उभी राहून पायांनी द्राक्षं तुडवतात. रस आंबत असताना निम्मी साखर उरली की त्यात द्राक्षाचीच कडक दारू ओततात. किण्व मरतं, आंबणं थांबतं, गोडवा राहतो आणि मद्यार्क २० टक्क्यांच्या आसपास जातो. मग पिंपं नदीच्या मुखाशी असलेल्या विला नोव्हा द गाया या गावातल्या थंड वखारींत वर्षानुवर्षं मुरत पडतात. नदीवर धरणं होण्याआधी ही पिंपं सपाट बुडाच्या होड्यांतून खळाळत्या पाण्यातून खाली आणत. पर्यटकांना या होड्या फार आवडतात. आता त्या फोटोपुरत्या उरल्यात.

पण शहाणा खरेदीदार पोर्टवर थांबत नाही. उत्तरेला मिन्यू प्रांतात ‘विन्यु वेर्द’ मिळते. हलकी, आंबूस, किंचित फसफसणारी, मद्यार्क कमी. दक्षिणेला अलेंतेजू हा रखरखीत, उन्हाळ्यात चाळिशी पार करणारा प्रदेश. तिथे पिकलेल्या फळाच्या चवीच्या मऊ लाल वाइन, आणि काही गावांत रोमन काळापासून चालत आलेली मातीच्या रांजणात वाइन करायची पद्धत. बाटल्यांच्या बुचाचं झाड, कॉर्क ओक, तेही इथलंच. दर नऊ वर्षांनी त्याची साल सोलतात आणि जगातलं जवळपास निम्मं बूच एकटा पोर्तुगाल पुरवतो. द्राक्षाच्या अडीचशेवर देशी जाती त्याने टिकवल्या. तुरीगा नासियोनाल, आरिंतु, त्रिंकादैरा ही नावं उच्चारतानाच विक्रेत्याची दमछाक होते. फ्रेंच, इटालियन वाइनची दोन-चार नावं तरी हॉटेलात ऐकलेली असतात. पोर्तुगालचं असं काही नाही. गुलाबी रंगाची, चपट्या बाटलीतली ‘मातेउश रोझे’ तेवढी १९४२ पासून जगभर पोचली.

खरं तर पालघर जिल्ह्याला हा देश अनोळखी असायचं काही कारण नव्हतं. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी ती जिंकली. मधली दोनशे वर्षं हा किनारा त्यांचा होता. तारापूर, शिरगाव, केळवे, डहाणू इथल्या किल्ल्यांवर त्यांचा हात फिरला आहे. चिल्हारहून महामार्गाला लागलं की जवळच अशेरीगड आहे. जहाजांसाठी लागणाऱ्या लाकडापायी पोर्तुगीजांना तो हवा होता. गडावर त्यांच्या राजमुकुटाचं शिल्प अजून पडून आहे. काजू, अननस, मिरची, पाव हे सगळं त्यांच्याबरोबर आलं आणि आपलं झालं. वाइन मात्र आपली झाली नाही. का?

साधं कारण हवामानाचं. या दमट किनाऱ्यावर वाइनचं द्राक्ष नीट होत नाही, आणि सहा-सहा महिने उष्ण कटिबंधातून हेलकावे खात आलेल्या पिंपातली साधी वाइन व्हिनेगर होऊन पोचे. चर्चमध्ये मिस्सेला द्राक्षाचीच वाइन लागते, तेवढी यायची, आणि साहेबांच्या जेवणापुरती. बाकी रयतेला ताडी-माडी होतीच, ती रोज ताजी आणि दारातल्या झाडाची. मांस वाइन-लसणात मुरवायची पोर्तुगीज रीत वसई-गोव्याच्या स्वयंपाकघरात शिरली, पण वाइनच्या जागी माडीचा शिर्का घेऊन. विंदालू आणि वसईकडचं इंदियाल यांत तोच आहे. गिऱ्हाईक होतं, चवही रुजली होती, माल तेवढा टिकत नव्हता.

एका वाइनला मात्र हाच प्रवास मानवला. अटलांटिकमधल्या मदेरा बेटावर भारताकडे जाणारी जहाजं थांबत आणि कडक केलेल्या वाइनची पिंपं भरून घेत. न खपलेली काही पिंपं परत गेली तेव्हा लक्षात आलं की जहाजाच्या पोटातल्या उष्म्याने आणि हेलकाव्यांनी वाइन बिघडण्याऐवजी सुधारली आहे. मग मुद्दाम पिंपं भारतापर्यंत फिरवून आणू लागले. अशा ‘फेरीच्या वाइन’ला जास्त भाव मिळे. पुढे बेटावरच माळ्यांवर, उन्हात तापवून तोच परिणाम साधू लागले. मदेराची उघडलेली बाटलीही महिनोन्महिने टिकते. फोडलेली बाटली दोन दिवसांत संपवायची, अशी धास्ती असलेल्या बोईसरच्या एखाद्या लहान हॉटेलवाल्याला मी विक्रेता असतो तर पहिली हीच दाखवली असती.

विक्रेत्याचं काम इथे कसं चालतं ते पाहिलं की कोणी एवढ्या लांब का जातो, असा प्रश्न पडेल. समजा एक बाटली बंदरात ५०० रुपयांना उतरली. १५० टक्क्यांनी ७५० रुपये सीमाशुल्क, म्हणजे १२५० झाले. त्यावर राज्याचं शुल्क, व्हॅट, आयातदार, वितरक आणि दुकानदार यांचा वाटा. मद्य जीएसटीच्या बाहेर असल्याने प्रत्येक राज्याचा हिशेब निराळा. दुकानात ती सहज दोन-अडीच हजारांच्या घरात जाते. शेजारी ठेवलेल्या नाशिकच्या बाटलीला महाराष्ट्राच्या २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणापासून सवलती मिळत आल्यात. स्पर्धा कसली?

त्यात प्रत्येक लेबल राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे नोंदवावं लागतं आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मंजुरी घ्यावी लागते. नोंदणीचा खर्च लेबलमागे पडतो, बाटलीमागे नाही. म्हणून वर्षाला थोडकीच खोकी पाठवू शकणारी अलेंतेजूची छोटी घरगुती वाइनरी, जी पाहून खरेदीदार हरखलेला असतो, ती यादीतून पहिली उडते. उरतात मोठ्या कंपन्या. न्हावाशेव्याला मे महिन्यात उन्हात अडकलेल्या कंटेनरचं दुःख वेगळंच. वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला झाली. उद्या कदाचित हेच कंटेनर आपल्या जिल्ह्यात उतरतील. तिथल्या मच्छीमारांचा प्रश्न मात्र याहून कितीतरी मोठा आहे.

जाहिरात करायची सोय नाही. १९४९ चा दारूबंदी कायदा मद्याच्या जाहिरातीला मनाई करतो. त्याच कायद्याप्रमाणे पिणाऱ्याला परवानाही लागतो, हे बहुतेक जण सोयीस्करपणे विसरतात. तेव्हा प्रचार करायचा तो परवानगी घेऊन भरवलेल्या चाखण्याच्या बैठकांतून, मुंबईच्या व्यापारी प्रदर्शनांतून, हॉटेलच्या वाढप्यांना शिकवून. ‘विनिपोर्तुगाल’ ही तिथल्या वाइन उद्योगाची संस्था देशोदेशी हेच करते. आणि इथे दमणची सावली आहे. शेजारी स्वस्त मद्य मिळत असताना, आणि ते चोरून आणणाऱ्यांच्या गाड्या सीमेवर पकडल्या जात असताना, अडीच हजारांची बाटली विकायची म्हणजे माणसाला नशेपेक्षा चवीसाठी पैसे मोजायला लावायचे. सोपं नाही. शिवाय प्रत्येकाला ही बाजारपेठ हवीच आहे असंही नाही. २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकायला मान्यता दिली तेव्हा अण्णा हजारेंपासून अनेकांनी विरोध केला आणि निर्णय अमलात आला नाही. दारूबंदीसाठी ‘आडव्या बाटली’ला मतदान करणाऱ्या बायकांना वाइन आणि देशी यांतला फरक समजावायला जाऊ नये. घरी येणारा माणूस त्यांनी पाहिलेला असतो.

ज्यांना चाखायचीच आहे त्यांच्यासाठी एक सूचना: महाग लाल वाइनपासून सुरुवात करू नका. सातपाटीचं तळलेलं पापलेट किंवा कुरकुरीत बोंबील आणि गार विन्यु वेर्द. लिंबू पिळण्याचं काम ती वाइनच करते. ही वाइन ताजी प्यायची असते, म्हणून बाटलीवरचं साल पाहा आणि काचेच्या शोकेसमध्ये दिव्याखाली तापत उभी असलेली बाटली घेऊ नका.

उलट्या दिशेने काय जाईल? बोर्डीच्या हिल झिल वाइन्सने चिकूपासून ‘फ्रुझांते’ हे पेय बाजारात आणलं. मात्र युरोपच्या कायद्यात नुसतं ‘वाइन’ म्हणायचा हक्क फक्त द्राक्षाचा. इतर फळांच्या बाटलीवर फळाचं नाव जोडावं लागतं. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये जीआय मिळालं, २०२१ मध्ये तो ब्रिटनलाही गेला. पोंबालने हद्द आखलेली ‘दोरू’ आणि ‘पोर्तो’ ही दोन्ही नावंही भारताच्या त्याच जीआय नोंदवहीत आहेत. म्हणजे बेटेगावात कोणी खोटी पोर्ट विकली तर पोर्तुगीज शेतकऱ्याला दाद मागता येते. युरोपीय संघाच्या नोंदवहीत आपल्याकडून दार्जिलिंगचा आणि कांगड्याचा चहा पोचला आहे. घोलवडचा चिकू तिथे नाही. जीआयबद्दलचा करार व्यापार करारापासून वेगळा ठेवला आहे, आणि चिकू उत्पादक संघाने त्याचा पाठपुरावा करायचा तर आत्ताच करायला हवा.